अलार्मची दुसरी वाट: इंटरनेट किंवा फोन बंद पडला तरी कंट्रोल रूमला सिग्नल पोहोचवायचा कसा

सायरन कान फाटेस्तोवर वाजला म्हणजे कंट्रोल रूमलाही कळलं असणार, असं नव्याने सिस्टिम बसवलेल्या बऱ्याच जणांना वाटतं. सायरन असतो शेजारच्यांना जागं करायला आणि चोराला बिचकवायला. कंट्रोल रूमला, म्हणजे मॉनिटरिंग स्टेशनला, बातमी जाते ती वेगळ्याच रस्त्याने. सेन्सर पॅनेलला (सिस्टिमच्या मुख्य डब्याला) सांगतो, पॅनेल कम्युनिकेटरला (बाहेर निरोप पाठवणाऱ्या भागाला), कम्युनिकेटर तारेवरून किंवा हवेतून स्टेशनच्या रिसिव्हरला, आणि मग तिथे बसलेल्या ऑपरेटरच्या स्क्रीनवर तुमचा अकाउंट नंबर येतो. पॅनेलपर्यंतचा भाग सगळे नीट तपासून घेतात: प्रत्येक दार उघडून बघतात, खोलीत चालून बघतात. कम्युनिकेटरच्या पुढचा भाग मात्र ‘चालतंय ना, मग झालं’ या भरवशावर राहतो.

हा लेख त्या पुढच्या भागाबद्दल आहे. पॅनेल बसवण्या-दुरुस्त करण्याच्या कामात एक प्रश्न मी दर वेळी विचारतो, आणि खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच्याभोवतीच फिरतात: पहिली वाट ज्या कारणाने बंद पडेल, त्याच कारणाने दुसरीही बंद पडेल का? उत्तर ‘हो’ असेल तर दुसरी वाट कागदावरच आहे.

आधी कागद-पेन्सिल घ्या

उपकरण विकत घेण्याआधी आत्ताची वाट कागदावर काढा. पॅनेलपासून सुरू करा आणि घराबाहेर पडेपर्यंत मधे येणारा प्रत्येक डबा काढा. इंटरनेटवर चालणारी सिस्टिम असेल तर चित्र साधारण असं निघतं: पॅनेल, लॅन केबल, मधला छोटा स्विच, राउटर, फायबरचा मोडेम, भिंतीतून बाहेर जाणारी फायबर. आता प्रत्येक डब्याखाली तीन गोष्टी लिहा. याला वीज कुठून येते? याला हात कोण लावू शकतं? आणि हा बंद पडला तर कुणाला कळतं?

तिसऱ्या प्रश्नापाशी बहुतेकांची पेन्सिल थांबते.

जुन्या तांब्याच्या टेलिफोन लाइनवर हे चित्र फार सोपं होतं. एक्स्चेंजकडून त्या तारेवर सुमारे ४८ व्होल्ट डीसी येत असत, त्यामुळे घरची वीज गेली तरी फोन चालू. तार कापली की व्होल्टेज पडायचं आणि पॅनेलला लगेच कळायचं. गंमत म्हणजे अलार्म आणि टेलिफोनचं हे नातं उलट्या बाजूने सुरू झालं. १८७७ मध्ये बोस्टनमध्ये होम्स यांच्या चोर-अलार्म कंपनीच्या तारा आधीच दुकानांपर्यंत आणि बँकांपर्यंत गेलेल्या होत्या. त्याच तारांवर दिवसा टेलिफोन जोडून पाहिले गेले आणि रात्री त्या पुन्हा अलार्मच्या कामाला लागत. म्हणजे फोन अलार्मच्या तारेवर पाहुणा म्हणून आला, पुढे मालक झाला, आणि आता तो स्वतःच घर सोडून चाललाय.

फायबर आल्यावर हे बदललं. काचेच्या तंतूतून वीज येत नाही. मोडेम, राउटर, स्विच यांतला प्रत्येक डबा तुमच्या घरच्या विजेवर अवलंबून असतो. चोराला आता तार कापायचीही गरज नाही, बाहेरचा मेन स्विच पाडला तरी पुरतं.

वाटा कोणत्या, आणि कोणती कशाने दगावते

*लँडलाइनचा डायलर.* पॅनेल नंबर फिरवतं, रिसिव्हर दोन स्वरांनी उत्तर देतो, आधी १४०० हर्ट्झ आणि मग २३०० हर्ट्झ. त्यावर पॅनेल बटणांच्या स्वरांत १६ अंकांचा निरोप पाठवतं. ही कॉन्टॅक्ट आयडी नावाची पद्धत आहे. पहिले ४ अंक अकाउंटचे, मग निरोपाचा प्रकार, नवी घटना की पूर्ववत झालं ते सांगणारा १ अंक, घटनेचा ३ अंकी कोड, विभाग, झोन आणि शेवटी बेरजेची तपासणी करणारा १ अंक. बेरीज जुळली की रिसिव्हर पुन्हा १४०० हर्ट्झचा स्वर देतो आणि फोन ठेवला जातो. जुन्या लाइनवर समांतर फोन कानाला लावून ऐकलंत तर दोन शिट्ट्या, एक किलबिलाट आणि एक लांब शिट्टी ऐकू येते. सरावलेल्या कानाला सिग्नल गेला की नाही ते तेवढ्यावरून कळतं.

ही पद्धत खऱ्या तांब्याच्या लाइनसाठी बनली होती. राउटरच्या मागच्या खाचेत लावलेला फोन दिसायला लँडलाइनच असतो, पण आवाज इंटरनेटच्या पाकिटांतून जातो, त्यात आवाजाचं आकुंचन होतं आणि हे स्वर चेपले जातात. कधी सिग्नल जातो, कधी तिसऱ्या प्रयत्नात जातो, कधी जातच नाही. त्यामुळे घरात इंटरनेट आणि ‘लँडलाइन’ दोन्ही एकाच डब्यातून येत असतील तर त्या दोन वाटा नाहीत, एकच आहे. खरी तांब्याची लाइन अजून असेल तर ती दुसरी वाट म्हणून चालते. मात्र पॅनेल लाइनवर सगळ्यात आधी हवं आणि बाकीचे फोन त्याच्या मागे. नाहीतर कुणी रिसिव्हर काढून ठेवला की पॅनेलला लाइनच मिळत नाही. आणि या लाइनला किती दिवस उरलेत तेही विचारा: ब्रिटनमध्ये जुनं टेलिफोन जाळं जानेवारी २०२७ पर्यंत बंद करायचं ठरलंय, इतरत्रही ओघ तोच आहे.

*इंटरनेट.* पहिली वाट म्हणून आज हीच उत्तम. निरोप काही क्षणांत पोहोचतो, आणि पॅनेल व स्टेशन एकमेकांना सतत ‘आहेस ना?’ विचारू शकतात. या विचारण्याला हार्टबीट म्हणतात. दगावण्याची कारणं मात्र घरगुती असतात: राउटर बदलला, वाय-फायचा पासवर्ड बदलला, कुणीतरी फायरवॉल कडक केली, लॅनची पिन अर्धवट सुटली. म्हणून पॅनेल शक्यतो केबलने जोडा. वाय-फायवर चालणारं पॅनेल पासवर्ड बदलल्याच्या दिवशी मुकं होतं, आणि पासवर्ड बदलणाऱ्याच्या ते गावीही नसतं.

*मोबाइल नेटवर्क.* दुसरी वाट म्हणून सर्वाधिक वापरली जाणारी. पॅनेलमध्येच एक छोटं कार्ड, त्यात सिम, वर अँटेना. बाहेर कापायला तार नाही, आणि वीज पॅनेलच्या बॅटरीतूनच मिळते. धोका वेगळाच असतो, पिढी बंद होण्याचा. अमेरिकेत फेब्रुवारी २००८ मध्ये जुनी ॲनालॉग सेवा चालू ठेवण्याचं बंधन उठलं, मग २०२२ या एका वर्षात तिथल्या मोठ्या कंपन्यांनी ३जी गुंडाळलं. दोन्ही वेळा अलार्ममधले असंख्य कम्युनिकेटर बदलावे लागले. कार्ड उत्तम स्थितीत होतं, फक्त त्याच्याशी बोलणारं कुणी उरलं नव्हतं. म्हणून स्वस्तात मिळतंय म्हणून २जी किंवा ३जीचं कार्ड घेऊ नका. ४जी तरी हवंच, आणि तुमची मोबाइल कंपनी ते तंत्रज्ञान कधीपर्यंत चालू ठेवणार आहे ते आधी विचारा.

इथे एक फसवा शब्द भेटेल, ‘ड्युअल सिम’. दोन सिम म्हणजे दोन वाटा, असं दुकानात सांगतात. आत मोडेम एक, अँटेना एक, वीजपुरवठा एक. एका कंपनीचा टॉवर बंद पडला तर दुसरं सिम कामाला येतं, ते चांगलंच. पण मोडेम जळला किंवा अँटेनाची वायर तुटली की दोन्ही सिम एकत्रच जातात. ड्युअल सिमला मी दीड वाट म्हणतो.

*खासगी रेडिओ.* काही मॉनिटरिंग स्टेशनांचं स्वतःचं रेडिओ जाळं असतं. मेश प्रकारात एका इमारतीवरचा रेडिओ दुसऱ्याचा निरोप पुढे ढकलतो. मधे टेलिफोन कंपनी नाही, मोबाइल कंपनी नाही, इंटरनेटही नाही. तुमच्या भागात असं जाळं असेल आणि तुमचं काम जोखमीचं असेल, म्हणजे दागिने, औषधं, रोकड वगैरे, तर दुसऱ्या वाटेसाठी माझी पहिली पसंती हीच.

*उपग्रह.* आडबाजूला, जिथे मोबाइलला धड एक काडी मिळत नाही, तिथेच याचा विचार करा. मोकळं आकाश लागतं आणि वीजही जास्त खाल्ली जाते.

*एसएमएस आणि मोबाइल ॲप.* हे जोडीला ठेवा, पण यांना वाट समजू नका. एसएमएस मधल्या सर्व्हरवर साठवून सवडीने पुढे पाठवला जातो. तो वेळेत पोहोचेल याची हमी नाही, पोहोचला की नाही हे पॅनेलला खात्रीने कळत नाही. ॲपची सूचना तुमच्या फोनवर येते, आणि रात्री तीन वाजता तुमचा फोन उशाशी सायलेंटवर असतो.

जोडी जुळवताना

साधारण घरासाठी आणि दुकानासाठी केबलने जोडलेलं इंटरनेट पहिलं आणि मोबाइल दुसरं, ही जोडी पुरेशी आहे. फक्त दोन ठिकाणी नीट बघा.

तुमचं घरचं इंटरनेटच मोबाइल राउटरवर चालत असेल, तर मोबाइलचं बॅकअप म्हणजे त्याच टॉवरवर दुसऱ्यांदा भिस्त. निदान सिम दुसऱ्या कंपनीचं घ्या. ब्रॉडबँड आणि सिम एकाच कंपनीचं असेल तरीही तोच सल्ला, कारण टॉवरलाही शेवटी फायबरच जाते. रस्ता खोदताना ती तुटली तर तुमचा ब्रॉडबँड आणि टॉवर दोन्ही एका कुदळीच्या घावात जाऊ शकतात.

दुसरं म्हणजे जॅमर. मोबाइलचा सिग्नल दाबणारं उपकरण वापरणं बहुतेक देशांत बेकायदा आहे, पण चोर कायदा वाचून घरात शिरत नाही. केवळ मोबाइलवर चालणाऱ्या सिस्टिमला हा धोका मोठा. केबलचं इंटरनेट सोबत असेल तर मोबाइल दाबला गेल्याची बातमी इंटरनेटवरून जाते. दोन वाटा एकमेकींच्या पहारेकरी होतात, खरा फायदा तिथे आहे.

बसवताना: जागा आणि अँटेना

पॅनेल मुख्य दाराशेजारी लावू नका. दार उघडल्यावर कोड टाकायला जो वेळ मिळतो, समजा ३० सेकंद, त्या वेळात पॅनेल गप्प असतं. चोर शिरल्याबरोबर त्याने पॅनेलच फोडलं तर सिग्नल जाणारच नाही. दारापाशी फक्त कीपॅड ठेवा, पॅनेल आतल्या खोलीत, सेन्सरच्या टप्प्यात. काही कम्युनिकेटरमध्ये यावर तोड असते. दार उघडताच ते स्टेशनला ‘कुणीतरी आत आलंय’ असं आधीच कळवून ठेवतात, आणि ठरलेल्या वेळात ‘कोड बरोबर टाकला’ हा दुसरा निरोप आला नाही तर स्टेशन ते अलार्मच धरतं. ही सोय असेल तर चालू करून घ्या, बहुधा ती बंदच असते.

मोबाइल कार्डाचा सिग्नल काड्या मोजून ठरवू नका. कार्डाच्या मेनूमध्ये किंवा इन्स्टॉलरच्या ॲपमध्ये डीबीएममधला (सिग्नलची ताकद मोजायच्या एककातला) आकडा मिळतो. तो उणे असतो, आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ४जीमध्ये आरएसआरपी नावाचा आकडा बघा: उणे ९०च्या वर असेल तर छान, उणे १०० पर्यंत ठीक, उणे ११०च्या आसपास आला तर पावसाळी रात्री भरवसा ठेवू नका.

मागे एका तळघरातल्या गोदामात शिडीवर उभा राहून मी हा आकडा बघत होतो. पत्र्याच्या डब्यात अँटेना होती तोवर उणे १०९. डब्याचं झाकण उघडलं की उणे १०४, बंद केलं की परत १०९. गोदामवाल्यांचं म्हणणं, ‘आमचे मोबाइल तर इथे चालतात.’ चालत होते, पण हातात धरलेले, पत्र्यात कोंडलेले नव्हेत. अँटेना दोन मीटर केबलने झरोक्यापाशी नेली आणि आकडा उणे ९४ वर आला. १५ डीबीचा हा फरक दिसायला किरकोळ वाटतो, पण प्रत्येक १० डीबीला ताकद दहापट होते, म्हणजे इथे ती तीसपटीहून जास्त वाढली. केबल मात्र गरजेपुरतीच ठेवा. बारीक केबल लांबच लांब ओढली तर बाहेर कमावलेलं सगळं ती वाटेतच खाते.

अँटेना सहज हाताला लागेल अशी नको, आणि घराबाहेर दिसणाऱ्या इंटरनेटच्या केबलला निदान माणूसभर उंचीपर्यंत पाइप घाला. याउपर बसवण्यात फार काही गहन नाही.

वीज: सगळ्यात जास्त फसगत इथेच

एका कार्यालयात दोन्ही वाटा होत्या, दोन्ही तपासून दिलेल्या. काही महिन्यांनी मी वेगळ्याच कामासाठी गेलो आणि सहज पॅनेलची नोंदवही चाळली. रोज रात्री आठच्या सुमाराला ‘इंटरनेट वाट बंद’, रोज सकाळी साडेनऊला ‘पूर्ववत’. रविवारची नोंद नाही, सोमवारी सकाळी परत पूर्ववत. राउटरची पिन ज्या सॉकेटला होती त्याचं बटण ट्यूबलाइटच्या बटणांच्या रांगेत होतं. शेवटी निघणारा माणूस काटकसरीने सगळी बटणं एका तळव्याने खाली करायचा. म्हणजे ज्या वेळी अलार्म हवा नेमक्या त्याच वेळी पहिली वाट बंद, आणि इतके दिवस सगळा भार एकट्या सिमवर. स्टेशनच्या पडद्यावरही ती नोंद रोज येत होती. रोज येते म्हणून ती कुणी वाचत नव्हतं.

त्यामुळे राउटर, मोडेम आणि पॅनेल यांची वीज बटण नसलेल्या जोडणीतून द्या. ते जमत नसेल तर बटणावर पट्टी चिकटवून मोठ्या अक्षरात लिहा, ‘बंद करू नये’. पट्टी ओबडधोबड दिसते. दिसू द्या.

आता बॅटरी. बहुतेक पॅनेलांत १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी असते. ती किती वेळ पुरेल हे अंदाजाने सांगू नका, बेरीज करा. समजा पॅनेल १२० मिलिअँपिअर घेतं, दोन कीपॅड मिळून ८०, सहा सेन्सर मिळून ९०, मोबाइल कार्ड ६०. एकूण ३५०, म्हणजे ०.३५ अँपिअर. ७ भागिले ०.३५ म्हणजे २० तास. पण बॅटरी कायम नवी राहत नाही, ८० टक्केच धरा: १६ तास. तुमच्या उपकरणांचे खरे आकडे त्यांच्या माहितीपत्रकात असतात, वरचे नुसते उदाहरणापुरते. २४ तास हवे असतील तर याच भाराला साडेदहा अँपिअर-तास लागतात, म्हणजे १२ची बॅटरी घ्यायची. त्याआधी पॅनेलचा चार्जर ती पेलतो का तेवढं बघा.

राउटर आणि मोडेमला वेगळा छोटा यूपीएस लावा. दोन्ही मिळून १५ वॉट खात असतील तर ७ अँपिअर-तासाच्या बॅटरीत फार तर चार-पाच तास निघतात. त्याने खट्टू होऊ नका. लहान-सहान वीज जाण्यापुरता तो पुरतो, आणि लांबलेल्या अंधारात पॅनेलच्या बॅटरीवरचं मोबाइल कार्ड काम करत राहतं. मोबाइल टॉवरची स्वतःची बॅटरीही काही तासांचीच असते, हे मात्र ध्यानात असू द्या. बॅटरीवर बसवल्याची तारीख मार्करने लिहा. तीन ते पाच वर्षांत ती बदलायची असते, आणि तारीख लिहिलेली नसेल तर ‘परवाच तर बदलली’ असं सगळे सांगतात.

सेटिंग: चार जागा

पहिली, क्रम. काही पॅनेल दोन्ही वाटांनी एकाच वेळी निरोप पाठवतात, काही पहिली फसली की दुसरीकडे वळतात. वळणारं पॅनेल असेल तर किती प्रयत्नांनंतर वळतं ते बघा. तीन प्रयत्न आणि प्रत्येकी २० सेकंद थांबणं म्हणजे एक मिनिट वाया. चोरी आणि आग यांसाठी एकाच वेळी दोन्हीकडून, आणि आर्म-डिसआर्म, म्हणजे सिस्टिम पहाऱ्यावर लावणं-काढणं, अशा रोजच्या गोष्टींसाठी फक्त पहिल्या वाटेने, असं वेगवेगळं लावता येत असेल तर तेच लावा.

दुसरी, हार्टबीट. वाट गुपचूप मेली तर ते कळायला जास्तीत जास्त किती वेळ लागेल, हे यावरून ठरतं. २४ तासांतून एकदा ‘आहे’ म्हणणारी वाट सकाळी मेली तर उद्या सकाळपर्यंत कुणाला पत्ता नाही. अमेरिकेतल्या आगीच्या अलार्मच्या एनएफपीए ७२ या नियमावलीत एकच वाट असेल तर ती तुटल्याचं ६० मिनिटांत कळलं पाहिजे आणि एकाहून जास्त असतील तर प्रत्येकीचं ६ तासांत, अशी मर्यादा घातलेली आहे. युरोपच्या ईएन ५०१३६ या मानकात एकेरी वाटेला एसपी आणि दुहेरीला डीपी असे वर्ग आहेत. वर्गाचा आकडा वाढतो तसा हा वेळ तासांवरून मिनिटांवर आणि सेकंदांवर येतो. घरासाठी इंटरनेटचा हार्टबीट पाच मिनिटांच्या आत आणि मोबाइलचा तासाभराच्या आत असावा, असं माझं मत. मोबाइलचा वेळ कमी केला की डेटा जास्त लागतो आणि सेवेचा दर वाढतो, म्हणून विक्रेते तो २४ तासांवर ठेवून देतात. विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

तिसरी, रोजचा चाचणी निरोप. कॉन्टॅक्ट आयडीमध्ये त्याचा कोड ६०२. हा बऱ्याच पॅनेलांत फक्त पहिल्या वाटेने जातो! स्टेशन म्हणतं ‘तुमची टेस्ट रोज येते’, आणि दुसऱ्या वाटेचं सिम वर्षापूर्वीच बंद पडलेलं असतं. चाचणी निरोप दोन्ही वाटांनी, शक्य तर एक दिवसाआड आलटून-पालटून जायला हवा.

चौथी, वाट तुटल्यावर कीपॅड किती वेळाने वाजायला लागतो. शून्य ठेवलं तर राउटर जरा रीस्टार्ट झाला तरी टिटटिट सुरू होते, आणि वैतागलेला घरमालक सूचनाच बंद करून टाकतो. दोन-तीन मिनिटं ठेवा. तासभर ठेवू नका.

स्टेशनशी बोला

हे काम तंत्रज्ञाचं नाही, तुमचं आहे. फोन करा आणि विचारा: माझी एक वाट गेली तर तुम्ही काय करता? दोन्ही गेल्या तर? सिस्टिम आर्म असताना दोन्ही गेल्या तर?

तिसऱ्या प्रश्नावर पलीकडे थोडी शांतता पसरते. अनेक ठिकाणी वाट तुटणं ही ‘तांत्रिक अडचण’ मानली जाते आणि दुसऱ्या दिवशी ईमेल येतो. आर्म असताना दोन्ही वाटा एकदम जाणं हे अलार्मसारखंच हाताळावं, निदान लगेच फोन तरी करावा, असं लेखी ठरवून घ्या. कुणाला आधी फोन, त्याने उचलला नाही तर कुणाला, ही यादीही तेव्हाच ताजी करा. यादीतला पहिला नंबर चार वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा असणं ही मी फार वेळा पाहिलेली गोष्ट आहे. शिवाय स्टेशनच्या पडद्यावर हे कोड बरोबर उमटतात का तेही विचारून घ्या: वीज गेली ३०१, पॅनेलची बॅटरी कमजोर ३०२, संपर्कात बिघाड ३५०, पहिली टेलिफोन लाइन तुटली ३५१.

आता स्वतःच्या हाताने वायर काढा

तंत्रज्ञाने ‘टेस्ट केलंय’ म्हटलं तरी हे तुमच्यासमोर व्हायला हवं. अर्धा-पाऊण तास लागतो.

१. स्टेशनला फोन करून अकाउंट टेस्टवर टाकायला सांगा, म्हणजे येणारे अलार्म ते खरे धरणार नाहीत, आणि किती वेळासाठी ते ठरवा. हे विसरलात तर दारात गाडी येईल.

२. सगळं जोडलेलं असताना एक दार उघडून अलार्म वाजवा. ऑपरेटरला विचारा: कोणत्या वाटेने आला, किती वाजता आला?

३. राउटरची लॅन केबल काढा. घड्याळ लावा. कीपॅडवर बिघाड किती मिनिटांनी दिसला आणि स्टेशनला किती मिनिटांनी कळला ते लिहून ठेवा.

४. केबल काढलेलीच ठेवून पुन्हा अलार्म वाजवा. तो मोबाइलवरून जायला हवा. किती सेकंदांत गेला?

५. केबल परत लावा. आता मोबाइलची अँटेना काढा किंवा कार्डाच्या मेनूतून ती वाट बंद करा, आणि तेच सगळं पुन्हा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, पण दुसरी वाट मेल्याचं पहिली सांगते का हे फक्त इथेच कळतं. सिम काढायचंच असेल तर आधी पॅनेलची वीज आणि बॅटरी दोन्ही सोडवा, चालू कार्डातून सिम ओढू नका.

६. दोन्ही वाटा जोडून पॅनेलचा मेन्स बंद करा. राउटरचाही. एक तास तसंच राहू द्या, मग बॅटरीवर असताना अलार्म वाजवा. बॅटरी म्हातारी असेल तर सायरन वाजताच व्होल्टेज कोसळतं, आणि कम्युनिकेटर निरोप अर्धवट सोडून रीस्टार्ट होतो. नुसतं ‘बॅटरीवर दिवा लागलाय’ बघून हे कधीच लक्षात येत नाही.

७. सगळं पूर्ववत करा आणि ‘पूर्ववत झालं’ असे निरोपही गेलेत का ते ऑपरेटरकडून ऐका. केबल लावल्यावरही इंटरनेटची वाट उठत नसेल तर राउटरने पॅनेलला नवा आयपी पत्ता दिलेला असू शकतो. राउटरमध्ये पॅनेलसाठी एक पत्ता राखून ठेवा.

हे वर्षातून दोनदा करा, आणि राउटर, सिम किंवा ब्रॉडबँड कंपनी बदलली की त्याच दिवशी. लिहिलेल्या वेळा पॅनेलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा, पुढच्या वेळी तुलना करायला. मागच्या वेळी २० सेकंदांत गेलेला निरोप या वेळी ७० सेकंद घेत असेल तर पॅनेल आता पहिल्या प्रयत्नात पोहोचत नाहीये. सिग्नल घसरलाय किंवा टॉवर बदललाय, अँटेनाचा आकडा पुन्हा बघायची वेळ आली.

आणि निघण्याआधी स्टेशनला दुसरा फोन: अकाउंट टेस्टवरून काढा. टेस्टवर असलेल्या अकाउंटचा खराखुरा अलार्मही ऑपरेटर बघून सोडून देतो. ऑपरेटरचं नाव आणि वेळ त्याच कागदावर लिहा.